नकाराची किंमत : सुरतेच्या इतिहासातून दिसणारी सामाजिक सत्ता

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



मराठी वाचकाच्या मनात सुरत हे नाव प्रामुख्याने दोन प्रसंगांशी जोडलेले आहे. पहिला प्रसंग शिवछत्रपतींनी १६६४ आणि पुन्हा १६७० साली केलेल्या सुरतेच्या लुटीचा. दुसरा डिसेंबर १९०७ मध्ये तापीकाठी दुभंगलेल्या काँग्रेस अधिवेशनाचा. एकात तलवारीची सत्ता दिसते, दुसऱ्यात सभेच्या व्यासपीठाची. परंतु या दोन प्रसंगांच्या आगेमागे या शहराने आणि भोवतालच्या मुलखाने सत्तेची आणखी कितीतरी रूपे पाहिली आहेत. पेढीवरची सत्ता, महाजनाची सत्ता, जातीच्या पंक्तीची सत्ता, कर्जाच्या वहीची सत्ता अशी ती रूपे होत. समाजात एकाचे दुसऱ्यावर चालते ते कशाच्या बळावर चालते आणि ते चालेनासे केव्हा होते, या प्रश्नाचा विचार सुरतेच्या इतिहासाच्या आधाराने करणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

सत्ता म्हणजे हुकूम देण्याचे सामर्थ्य, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. हुकूम देणारा एक असतो आणि पाळणारे हजार असतात. त्या हजारांनी पाळला नाही तर हुकूम हा केवळ आवाज उरतो. सोळाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे ज्या सुमारास सुरतेचा किल्ला खुदावंदखानाने बांधला त्याच सुमारास, फ्रान्समधील एत्येन द ला बोएसी या तरुणाने नेमका हाच प्रश्न विचारला होता : असंख्य माणसे एका माणसापुढे का वाकतात? पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी हुकूम मानला जाण्याच्या कारणांची वर्गवारी केली. परंपरा, एखाद्या व्यक्तीचे असामान्य तेज आणि कायदा ही ती कारणे. या मांडणीला एक साधी कसोटी जोडता येते. सत्ता मोजावयाची असेल तर हुकूम देणाऱ्याकडे पाहण्याऐवजी ऐकणाऱ्याकडे पाहावे, आणि ‘नाही’ म्हटल्यास त्याला कोणती किंमत मोजावी लागेल, हे विचारावे. ज्याच्या नकाराची किंमत अल्प, तो स्वतंत्र. ज्याला ती पेलवतच नाही, तो दास. सामाजिक सत्तेचा इतिहास हा पुष्कळ अंशी नकाराच्या या किंमतीचा इतिहास आहे.

मानवसमाजाच्या आरंभीच्या अवस्थेत ही किंमत थोडी होती. कालाहारीच्या वाळवंटातील शिकारी टोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदविले आहे, की मोठी शिकार मारून आणणाऱ्याची तेथे मुद्दाम थट्टा होत असे. त्याच्या डोक्यात वारे शिरू नये, हा त्यामागील हेतू. तरीही कोणी डोईजड झालाच, तर बाकीचे आपले बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जात. निघून जाणे हाच त्यांचा नकार होता. शेती आली, धान्याची कोठारे आली, पेरलेल्या शेताला माणूस बांधला गेला, आणि निघून जाणे महाग झाले. कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याचा शब्द चालू लागला. राजा, पुरोहित, सावकार आणि लेखनिक हे सर्व त्या कोठाराच्या भोवती उभे राहिले. पुढील हजारो वर्षांचा इतिहास गुंतागुंतीचा असला, तरी कोण निघून जाऊ शकतो आणि कोण जाऊ शकत नाही, हा प्रश्न त्यात सतत दिसतो.

आता सुरतेकडे वळू. १५७३ साली अकबराने सुरत घेतली आणि लवकरच ती मोगल साम्राज्याचे मोठे बंदर झाली. येथे शहराचा अधिकारी एक आणि किल्ल्याचा किल्लेदार दुसरा, अशी व्यवस्था होती. कोणा एकाच्या हाती सर्व बळ जाऊ नये, अशी बादशाही दक्षता त्यात होती. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीराजे शहरापुढे येऊन उभे राहिले, तेव्हा या सत्तेची परीक्षा झाली. सुभेदार इनायतखान शहर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. किल्ल्यावरच्या तोफांनी हल्लेखोरांपेक्षा शहराचेच अधिक नुकसान केले. ज्या सत्तेला लोक संरक्षणासाठी कर देत होते, ती स्वतःचेच रक्षण करण्यात गुंतली. किल्ला शाबूत राहिला, परंतु त्याचा धाक उरला नाही. भिंती आणि तोफा ही सत्तेची साधने आहेत. सत्ता त्यांच्यात राहत नाही, असा या घटनेचा अर्थ आहे.

त्याच लुटीत वीरजी व्होरा यांची पेढी लुटली गेली. मराठी इतिहासग्रंथांतून ‘बहर्जी बोहरा’ म्हणून भेटणारे हे जैन व्यापारी इंग्रजांच्या वखारीला कर्ज देत असत, आणि मिरीसारख्या मालाचा अवघा साठा उचलून बाजारभाव ठरवीत असत. परदेशी कंपन्यांना समुद्रावर तोफा होत्या, पण सुरतेच्या बाजारात त्यांना वीरजींच्या मर्जीने वागावे लागे. ही दुसऱ्या प्रकारची सत्ता होय. तिचा पाया केवळ साठविलेल्या सोन्यावर नव्हता. तो विश्वासावर होता. सुरतेच्या सराफाने लिहिलेली हुंडी शेकडो कोसांवरच्या शहरात वटत असे, ती त्याच्या नावामुळे. गुजराती व्यापारी या नावाला ‘आबरू’ म्हणत. मराठीत आपण ‘पत’ म्हणतो, आणि बाजारातील उधारी व समाजातील मान हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात सामावतात. ही पत कधी कधी तलवारीपुढेही टिके. लुटीच्या वेळी डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर, तो हयातीत मोठा दानशूर होता म्हणून वगळण्यात आले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे.

पतीवर उभ्या असलेल्या या सत्तेने राज्यसत्तेला उघड नकार दिल्याचा प्रसंग १६६९ साली घडला. औरंगजेबाच्या कारकिर्दीत शहराच्या काझीने चालविलेला धार्मिक जाच व सक्तीच्या धर्मांतराचे प्रकार असह्य होऊन सुरतेच्या बनिया व्यापाऱ्यांनी शस्त्र उचलले नाही, की दंगाही केला नाही. ते निघून गेले. सप्टेंबरच्या अखेरीस सुमारे ८,००० माणसे बायकामुलांना भाऊबंदांच्या हवाली करून भडोचकडे चालू लागली. मागे राहिलेल्यांनी दुकाने उघडली नाहीत. टांकसाळ आणि जकातीचे ठाणे बंद पडले. शहरात पैसा मिळेना आणि धान्यही मिळेना. बादशहाकडून सुरक्षिततेचे आश्वासन मिळाल्यावर डिसेंबरच्या अखेरीस ही मंडळी परतली. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात या सर्व घटनेची तपशीलवार नोंद आहे. आलमगिरासारख्या बादशहाच्या राज्यात एक रक्ताचा थेंब न सांडता मिळविलेला हा विजय भारताच्या इतिहासात लक्षणीय मानला पाहिजे.

हा नकार यशस्वी का झाला? एक कारण असे, की या लोकांची संपत्ती हुंडीच्या कागदावर आणि परस्परांच्या शब्दावर होती; शेतकऱ्याच्या जमिनीप्रमाणे ती मागे ठेवून जाण्याची गरज नव्हती. दुसरे कारण, राज्याला त्यांची गरज होती. जकात त्यांच्या व्यापारातून येत होती. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे महाजन. व्यापारी जातींच्या या संघटनेने आज्ञा केल्याखेरीज कोणीही दुकान उघडावयाचे नाही, उघडल्यास कडक शिक्षा, असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. एकट्याला न पेलणारी नकाराची किंमत संघटनेने वाटून घेतली.

येथेच विचार करण्याजोगी दुसरी बाजू समोर येते. ज्या महाजनाने बादशहापुढे ‘नाही’ म्हणण्याचे बळ दिले, त्याच महाजनापुढे ‘नाही’ म्हणण्याची सोय त्याच्या सभासदाला नव्हती. दुकान उघडू इच्छिणाऱ्या एखाद्या लहान व्यापाऱ्याचे काय झाले असते, हे त्या कडक शिक्षेच्या उल्लेखावरून समजते. शिवाय बाजार बंद असताना ज्यांच्या घरात दुसऱ्या दिवसाचे दाणे नव्हते, ते विणकर, हमाल, खलाशी महाजनाच्या सभेत बसत नव्हते. नकार महाजनाचा होता, पण त्याच्या किंमतीचा काही भाग त्यांच्या पोटावर पडला. संघटित नकार ही मोठी शक्ती असली, तरी तीही सत्ताच आहे. तिलाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

या दोन्ही बाजू १८४४ या एकाच वर्षात सुरतेत शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दिसतात. तोवर किल्ला १७५९ साली आणि संपूर्ण कारभार १८०० साली इंग्रजांकडे गेला होता. ऑगस्ट १८४४ च्या अखेरीस सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. शहर पेटून उठले, बाजार बंद झाला, आणि वाढविलेल्या कराचा काही भाग सरकारला मागे घ्यावा लागला. पुढे १८४८ मध्ये नवी वजने-मापे लादण्याचा प्रयत्नही सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून हाणून पाडला. सरकारला नकार देण्याची सुरतेची जुनी विद्या अजून शाबूत होती.

याच १८४४ साली, मिठाच्या दंग्यापूर्वी सुमारे दोन महिने, २२ जून रोजी, सुरतेतील थोड्या शिक्षकांनी दुसऱ्या एका सत्तेला नकार दिला होता. दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दिवशी मानवधर्म सभेची स्थापना केली. त्या सहकाऱ्यांत मराठी भाषेचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. ते त्या काळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. सर्व माणसांचा ईश्वर एक, धर्म एक आणि जात एक, हा या सभेच्या विचारांचा गाभा. मंत्र-तंत्र करणाऱ्यांना आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखविण्याचे आव्हान सभेने दिले. विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार केला. मराठी आणि गुजराती सुशिक्षितांनी एकत्र बसून जातीच्या सत्तेविरुद्ध उघडलेली ही पश्चिम भारतातील आरंभीची आघाडी होय.

मिठाच्या कराला झालेला विरोध काही दिवसांत फळाला आला. मानवधर्म सभा मात्र काही वर्षांतच विरून गेली. १८४६ साली दादोबा मुंबईस गेले, १८५२ साली दुर्गारामांची राजकोटला बदली झाली, हे तात्कालिक कारण खरे. परंतु खोलवरचे कारण वेगळे होते. मिठाच्या वेळी नकार देणाऱ्याच्या पाठीशी जात आणि महाजन होते. मानवधर्म सभेचा नकार जातीलाच होता. जातीबाहेर पडणे म्हणजे लग्नाला मुलगी न मिळणे, पंक्तीला पान न मिळणे, आणि मेल्यावर खांदा देणारा न मिळणे. १८४९ साली दादोबांच्या प्रेरणेने मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या त्या सभेला आपले काम गुप्त ठेवावे लागले. सभासदांची नावे उघडकीस येताच १८६० च्या सुमारास ती मोडली. विचार पटलेले पुष्कळ होते. किंमत पेलवणारे थोडे होते. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. साम्राज्यापुढे मान न वाकविणारे टिळक जातीच्या सभेपुढे वाकले, यात त्यांची थट्टा करण्यासारखे काही नाही. जी सत्ता घराच्या उंबऱ्याच्या आत राहते, ती किल्ल्यातील सत्तेपेक्षा बळकट असते, इतकेच त्यातून दिसते.

टिळकांचे नाव आले म्हणजे १९०७ चे अधिवेशन ओघाने येते. ते नागपूरला भरावयाचे होते; नेमस्तांनी ते सुरतेस हलविले, कारण येथे त्यांचे पाठबळ होते. डॉ. रासबिहारी घोष यांना अध्यक्षस्थानी बसविण्याच्या वेळी टिळक उपसूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले. त्यांना बोलू दिले गेले नाही. गोंधळ माजला, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि सभा उधळली. त्या जोड्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सत्तेच्या अभ्यासकाने मात्र त्याआधी काय घडले ते पाहावे. सभा कोठे भरावी, विषयपत्रिकेत काय यावे आणि कोणाला बोलू द्यावे, हे ठरविणाऱ्याच्या हाती मतदानापूर्वीच निम्मा निकाल असतो. हुकूम न देता चालणारी ही सत्ता आहे. प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत ती असते, म्हणून संस्थेत वावरणाऱ्यांनी ती ओळखून असावी.

आतापर्यंतची माणसे निदान बोलू शकणारी होती. सुरत जिल्ह्याच्या शेतशिवारात मात्र अशी माणसे राहत, ज्यांचा नकार कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. दुबळा जमातीचा तरुण लग्नासाठी अनाविल किंवा पाटीदार जमीनमालकाकडून कर्ज घेई आणि त्या दिवसापासून त्याचा ‘हाळी’ होई. ‘धणियामा’ म्हणजे मालक. त्याने दोन वेळचे अन्न, जुना कपडा, राहायला जागा द्यावी. हाळीने जन्मभर नांगर धरावा, त्याच्या बायकोने मालकाच्या घरी झाडलोट करावी. कर्ज फिटत नसे; मुलाच्या लग्नाला नवे कर्ज होई आणि मुलगा त्याच खुंट्याला बांधला जाई. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या प्रथेचा दीर्घ अभ्यास करून दाखविले आहे, की तीत शोषणाबरोबर आश्रयही होता. दुष्काळात मालक उपाशी मरू देत नसे. परंतु याच आश्रयामुळे नकार अधिकच महाग होई. १६६९ चा बनिया व्यापारी आपली पत बरोबर घेऊन भडोचला जाऊ शकला; हाळीची एकमेव मत्ता म्हणजे त्याचे श्रम, आणि तेच गहाण पडलेले होते.

तरीही अगदी तळच्या माणसांकडेही नकाराची शक्ती असते, हे १९२२ साली दिसून आले. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्त्यांतून एक देवी निघाली आणि डोंगरवाटांनी, खानदेश-डांगच्या सीमा ओलांडीत सुरत जिल्ह्यात पोहोचली. सलाबाई हे तिचे नाव. देवी ज्यांच्या अंगात येई ते तिच्या मुखाने आज्ञा देत : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या गुत्तेदाराकडे कामाला जाऊ नका. १८७८ च्या आबकारी कायद्याने घरी दारू गाळणे बंद झाल्यापासून आदिवासी या गुत्तेदारांचे ऋणको झाले होते आणि त्यांच्या जमिनी हातच्या जात होत्या. हजारो आदिवासी एका वेळी दारूला ‘नाही’ म्हणाले, तेव्हा गुत्ते ओस पडले आणि मजूर मिळेनासा झाला. त्यांच्यापाशी महाजन नव्हते, हुंडी नव्हती, शाळा नव्हती. नकाराची किंमत वाटून घेण्यासाठी त्यांनी देवीच्या आज्ञेचा आधार घेतला. गुत्तेदार आणि अधिकारी यांच्या दडपणाने पुष्कळ जण पुढे मागे फिरले, तथापि अनेक गावांत पालट टिकून राहिला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या आंदोलनाचा इतिहास १९८७ साली पुस्तकरूपाने लिहिला, तोवर त्याची दखल अभावानेच घेतली गेली होती.

सहा वर्षांनी, १९२८ साली, याच जिल्ह्यातील बारडोलीने देशाचे लक्ष वेधून घेतले. सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला होता. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्यास नकार दिला. जमिनी आणि गुरे जप्त झाली, तरी ते डगमगले नाहीत. चौकशीअंती सुमारे सहा टक्केच वाढ न्याय्य ठरली. हा विजय गौरवास्पदच आहे. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की सारा भरणाऱ्यावर सामाजिक बहिष्कार हे त्या लढ्यातीलही एक शस्त्र होते, आणि त्या शेतकऱ्यांची शेते कसणाऱ्या हाळींचा प्रश्न लढ्याच्या मागण्यांत नव्हता. गांधीजींच्या अनुयायांनी रचनात्मक कार्यातून तो हाती घेतला. ‘दुबळा’ या नावाऐवजी ‘हळपती’, म्हणजे नांगराचा धनी, हे नाव रूढ केले. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. नाव बदलण्यापासून कायदा होण्यापर्यंत इतकी वर्षे लागावीत, यावरून वरच्यांच्या आणि खालच्यांच्या नकारांना मिळणाऱ्या वजनातील अंतर कळते.

आजची सुरत हिऱ्यांची आणि कृत्रिम धाग्याच्या कापडाची आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे उधना, लिंबायत भागांत स्थायिक झाली आहेत. यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातील कामगार मोठ्या संख्येने आहेत. येथे कोणी कोणाला कर्जाच्या वहीने जन्मभर बांधून ठेवीत नाही. परंतु लेखी नेमणूक नाही, आज काम आणि उद्या नाही, या स्थितीत निघून जाण्याचे स्वातंत्र्य आणि काढून टाकले जाण्याचे भय यांतील रेषा पुसट होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत काम व मजुरी थांबली, तेव्हा हजारो परप्रांतीय कामगार ‘आम्हांला गावी जाऊ द्या’ म्हणत सुरतेच्या रस्त्यांवर उतरले. १६६९ मध्ये निघून जाणे हा बलवंतांचा नकार होता. २०२० मध्ये निघून जाण्याची परवानगीच मागावी लागली.

या साडेतीनशे वर्षांच्या कहाणीतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. समाजातून सत्ता नाहीशी होत नाही. ती किल्ल्यातून पेढीत, पेढीतून महाजनात, महाजनातून कार्यकारिणीत जाते. प्रत्येक नवी सत्ता जुन्या सत्तेला नकार देऊनच उभी राहते आणि लवकरच स्वतःला नकार देणाऱ्यांवर रुष्ट होते. म्हणून संस्था चांगली की वाईट, हे तिने कोणाला आव्हान दिले यावर ठरवू नये. तिच्या आतील सर्वांत दुर्बल माणसाला ‘नाही’ म्हणण्यासाठी काय मोजावे लागते, यावर ठरवावे.

ग्रंथालयाच्या शताब्दीत हा विषय घेण्याचे कारण यातच आहे. वीरजी व्होरांच्या पुढच्या पिढीतील सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी देशी अक्षरांत ग्रंथ छापविण्यासाठी इंग्लंडहून मुद्रक मागविला होता. हेन्री हिल्स हा मुद्रक १६७४ साली मुंबईस आला, पण त्याला देशी अक्षरांचे खिळे पाडता आले नाहीत. द्रव्य होते, इच्छा होती, तरी ग्रंथ छापले गेले नाहीत. पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर दुर्गाराम आणि दादोबा यांच्या पिढीच्या हाती छापलेली पुस्तके आली, आणि शाळेतल्या चार-पाच शिक्षकांना जातीच्या सत्तेला प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले. एकट्या माणसाला आपला नकार वेडेपणाचा वाटतो. त्याच्या आधी कोणी तो उच्चारला होता, हे पुस्तकात वाचले म्हणजे तो एकटा राहत नाही. ज्याच्यापाशी महाजन नाही, पेढी नाही, त्याच्या नकाराची किंमत इतक्या शांतपणे कमी करणारी संस्था दुसरी क्वचितच असेल. अर्थात, त्यासाठी त्या माणसाला ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडता आला पाहिजे. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना सभासदांच्या नोंदवहीत कोणाची नावे अजून आलेली नाहीत, हे पदाधिकाऱ्यांनी आणि आश्रयदात्यांनी एकदा तपासून पाहावे, एवढीच विनंती.